चाखून सोडलेली पाखरं

कटुमापकाच्या पडद्यावर आकडा उमटला : अकरा. डॉ. शर्वरी पाटणकरनं नमुन्याची कुपी बाहेर काढून पुसली, पुन्हा आत ठेवली आणि यंत्र परत चालू केलं. पुन्हा अकराच. आदल्या महिन्यात तो एकोणीस होता. सहा वर्षांपूर्वी याच यंत्रावर, याच पठारावरच्या फुलपाखरांचा आकडा दीडशेच्या खाली गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. महिनाभर ती हेच करत होती. रुईची पानं तपासून झाली, माती तपासून झाली, अर्क काढायच्या टाक्या दोनदा उघडून धुऊन झाल्या. यंत्रच बिघडलं असेल म्हणून पुण्याहून दुसरं मागवलं, त्यानंही तेच सांगितलं. आता आणखी काय तपासायचं ते तिला सुचत नव्हतं आणि खरं सांगायचं तर सुचावंसंही वाटत नव्हतं. सत्तावन्नाव्या वर्षी एखादी तरी गोष्ट आपोआप सुरळीत व्हावी, एवढंच वाटत होतं.

हिरडेवाडीचं ते पठार एके काळी बॉक्साइटसाठी खरवडून काढलेलं. खाण बंद पडल्यावर तिथे रुईखेरीज काही जीव धरेना. रुईच्या मागोमाग फुलपाखरं आली. नारिंगी पंख, काळे काठ, काठांवर पांढरे ठिपके. लोक त्यांना रुईकर म्हणत. रुईकराची अळी रुईची पानं खाते, तिच्या चिकातलं विष अंगात साठवते आणि साठवताना त्याची घडण किंचित बदलते. हे बदललेलं विष म्हणजे कटुसार. तीस वर्षांपूर्वीच्या तापाच्या साथीनंतर हजारो माणसांना हृदयशैथिल्य जडलं, म्हणजे हृदयाचा स्नायूच सैल पडत जायचा. त्यावर कटुसाराचा अगदी सूक्ष्म डोस लागू पडतो असं आढळलं. प्रयोगशाळेत ते कुणाला बनवता आलं नाही. फुलपाखरांची पिंजऱ्यात पैदास करून पाहिली, तर दाटीत रोग पडून अळ्या मरायच्या. म्हणून पठार मोकळंच ठेवायचं, पहाटेच्या गारठ्यात फांद्यांना चिकटून बसलेली पाखरं हातानं वेचायची आणि दहातलं एक अर्कासाठी न्यायचं, अशी रीत पडली. अकरा हजार रुग्णांचं औषध या एका पठारावरून जायचं.

त्या अकरा हजारांतला एक होता डॉ. इम्तियाज मुजावर. पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यासक आणि केंद्रात शर्वरीचा पंचवीस वर्षांचा सहकारी. दार ढकलून तोच आत आला आणि जिना चढून आल्यामुळे धापा टाकत खुर्चीवर बसला.

"किती?" दम परतल्यावर त्यानं विचारलं.

"अकरा."

"औषध मंडळाचं पत्र आलंय. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचा डोस निम्मा."

शर्वरीनं त्याच्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी सैल करत होता. पाय सुजायला लागले की तो तसं करायचा.

तेवढ्यात राणूबाई येडगे सकाळच्या जाळीदार पेट्या घेऊन आल्या. वेचणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. पठार खाणीचं होतं तेव्हापासून त्या इथे राबत होत्या. पेट्या फळीवर लावून झाल्यावर त्या घुटमळल्या.

"बाई, एक विचारू का? तुमचं ते मशीन महिनाभर काय शोधतंय?"

"पाखरांतलं औषध कमी झालंय राणूबाई. का कमी झालं ते कळत नाही."

"ते व्हय." राणूबाईंनी पदराला हात पुसले. "ते आमच्या बायकांना ठावं हाय की. आधी वेचून झालं की तीनदा हात धुवायला लागायचं, तरी पहिला घास कडूजहर. माझी सून चमच्यानं जेवायची. आता हात न धुता भाकरी खातो आम्ही, काय लागत न्हाई."

"कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्सं."

"दोन वर्षं? मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं न्हाई. आन हात धुवायचं वाचलं, त्याची तक्रार कोण करतंय?"

शर्वरीनं पेटी उघडली. एक पाखरू चिमटीत धरलं आणि पंखाच्या मुळाशी जीभ लावली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं हे एकदा केलं होतं आणि दिवसभर तोंड वेडंवाकडं झालं होतं. आता भुकटीसारखं काहीतरी जिभेवर आलं, बस्स. दुसरं उचललं. तिसरं. बारावं पाखरू जरासं तुरट लागलं. विसाव्या पाखराला तिनं थांबून पेटी मिटली.

इम्तियाज मात्र पेटीकडे बघतच नव्हता. खिडकीबाहेरच्या तारेवर एक कोतवाल बसला होता, काळाभोर, लांब दुभंगलेल्या शेपटीचा. त्याच्या चोचीसमोरून एक रुईकर संथपणे उडत गेलं. कोतवालानं मान फिरवली आणि तो तारेवर थोडा दूर सरकला.

"शर्वरी," इम्तियाज म्हणाला, "आपण काय करून बसलो ते कळलं मला."

त्यानं जे केलं होतं त्यावर त्या वेळी तीन देशांत व्याख्यानं झाली होती. कोतवाल हा फुलपाखरांचा जुना शत्रू. मोठा पक्षी रुईकराच्या वाटेला जात नाही, कारण एकदा तोंड पोळलेलं असतं. पण ही भीती पक्षी जन्माबरोबर घेऊन येत नाही. दर वर्षी घरट्यांतून नवी पिल्लं बाहेर पडतात आणि दिसेल ते धरून बघतात. त्या दोन-तीन महिन्यांत पठारावरची एक तृतीयांश पाखरं फाटायची नाहीतर मरायची आणि औषध कमी पडायचं. इम्तियाजनं यावर उपाय शोधला. त्यानं एक जनुक घडवलं. त्या जनुकामुळे नारिंगी-काळ्या पंखांची धास्ती पिल्लाला अंड्यातूनच मिळायची. त्याला त्यानं नाव दिलं वारसाभय. त्या जनुकाला एक प्रेरक जोडला. तो दर पिढीत स्वतःची नक्कल करून घ्यायचा, म्हणजे आई-बाप दोघांपैकी एकाकडे जनुक असलं तरी सगळ्या पिल्लांत उतरायचं. परवानगीच्या कागदावर शर्वरीची सही होती. चार वर्षांत पठारावरचा एकही कोतवाल रुईकराला शिवेनासा झाला. पाखरांची संख्या दुप्पट झाली. सत्कार झाला. नंतर ते जनुक पठाराच्या पलीकडे, घाटाच्या दोन्ही अंगांना पसरत गेलं, पण त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"पिल्लू काय करायचं आठव," इम्तियाज म्हणाला. "धरायचं, चाखायचं. कडू लागलं तर थुंकायचं. पाखरू फाटक्या पंखानं का होईना, उडून जायचं आणि अंडी घालायचं. बरोबर?"

"बरोबर."

"पण सगळी कडू कधीच नव्हती. विष साठवायला अंगातली ताकद खर्च होते. जे पाखरू साठवत नाही त्याची अळी लवकर वाढते, अंडी जास्त होतात. तीही पंख तेच नारिंगी घालून फिरतात. रंग कडव्यांचा, अंग गोड. ती शंभरात पाच-सातच का राहायची?"

"कारण पिल्लं त्यांना चाखून गिळायची," शर्वरी सावकाश म्हणाली.

"आणि आपण चाखणंच बंद केलं. वर्षाला दहा पिढ्या, सहा वर्षं. साठ पिढ्यांत कुणी तोंड लावून बघितलं नाही. आपण दहातलं एक उचलतो, पण डोळे मिटून. त्यात कडू गेलं काय, गोड गेलं काय, सारखंच. विषाचा खर्च उरला आणि विषाचा उपयोग गेला. मग ते कशाला टिकेल? पाखरं दुप्पट झाली म्हणून आपण पेढे वाटले, ती ही गोडी पाखरं होती."

राणूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "म्हंजे कोतवालच राखण करत हुता म्हणा की," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या पेट्या उचलून गेल्या.

पुढचे दोन महिने उपाय शोधण्यात गेले आणि एकेक उपाय गळत गेला. वारसाभय पुसून टाकणारं उलट जनुक बनवता आलं असतं, पण ते पसरायला आठ वर्षं लागली असती. बाहेरून कोतवाल आणले तर ते इथल्यांशी जोडी जमवणार आणि त्यांची पिल्लं भित्रीच निपजणार. सरडे नि कोळी गोड-कडू न पाहता मारतात, त्यांचा उपयोग नव्हता. कटुमापकाला एका पाखरासाठी चाळीस मिनिटं लागत आणि त्यात पाखरू मरे.

"जिभेला किती वेळ लागतो?" एके दिवशी शर्वरीनं विचारलं.

इम्तियाजनं हातातला कागद खाली ठेवला. "एक श्वास," तो म्हणाला.

हा विचार मंडळापुढे गेला. मंडळाचे संचालक कर्णिक पडद्यावर दिसत होते. मागे मुंबईचं ढगाळ आकाश होतं. त्यांना ही कल्पना पसंत पडली.

"उत्तम आहे की," ते म्हणाले. "बायकांना चाखायला लावा. कडू तेवढी वेचून अर्काला पाठवा. गोड ती सोडून द्या. रुग्णांची तातडीची गरज तरी भागेल."

"मग सहा महिन्यांत कडू नावालाही उरणार नाही," इम्तियाज म्हणाला.

"कसं काय?"

"पक्षी कडू सोडायचा आणि गोड मारायचा. तुम्ही सांगताय ते बरोबर त्याच्या उलट आहे. सर, आज या पठारावर कडव्या पाखराला एकच शत्रू उरलाय, तो म्हणजे आपण. विष परत हवं असेल तर आपल्याला कोतवालासारखं वागायला लागेल. गोड मारायची आणि कडू सोडायची. एकूण एक सोडायची. अर्काला काही न्यायचं नाही."

"किती दिवस?"

"पंधरा पिढ्या. म्हणजे दीड वर्ष."

कर्णिकांनी समोरचा कागद पाहिला. "निम्म्या डोसनं साठा दहा महिने पुरतो. पुढचे आठ महिने?"

"सौम्य रुग्णांना जुन्या गोळ्यांवर ठेवता येतं."

"आणि गंभीर? ते चारशे आहेत मुजावर."

"माहीत आहे," इम्तियाज म्हणाला. "मी त्यांत आहे."

कर्णिकांनी निर्णय केंद्रप्रमुखावर सोडला आणि तो लेखी द्या म्हणून सांगितलं. केंद्रप्रमुख शर्वरी होती. तिनं तो कागद तीन दिवस टेबलावर तसाच ठेवला. चौथ्या दिवशी इम्तियाज पेन घेऊन आला आणि तिच्यासमोर बसला. "मी तुला एकदा सही करायला लावली होती, ती चुकली," तो म्हणाला. "ही चुकणार नाही. कर." तिनं सही केली. तिला त्या क्षणी रडू आलं नाही की राग आला नाही, फक्त फार झोप आली.

काम सुरू झालं. सहा वाड्यांतल्या एकशेचाळीस बायका उजाडायच्या सुमारास पठारावर जमायच्या. गारठलेली पाखरं फांदीला दाटीनं लटकलेली असत, त्यांना उडायचं बळ नसे. एक उचलायचं, पंखाच्या मुळाशी जीभ टेकवायची. गोड लागलं की डोकं चिमटीत दाबून खालच्या गोणीत टाकायचं. कडू लागलं की पंखाचा कोपरा कात्रीनं उडवायचा, म्हणजे तेच पाखरू पुन्हा चाखलं जाणार नाही, आणि परत फांदीवर ठेवायचं. मग चूळ भरून पुढचं. कात्रीचा तो त्रिकोणी तुकडा अगदी चोचीनं तोडल्यासारखा दिसायचा.

पहिल्या दिवशी साठात एक कडू निघालं.

शर्वरी स्वतः रोज चाखायला जायची. आयुष्यभर तिनं ही पाखरं सांभाळली होती. जंतुनाशकात हात बुडवल्याशिवाय अळीला स्पर्श करू देत नसे ती. आता दिवसाला पाचशे-सहाशे मुंडकी ती चिमटीत दाबायची. आठवड्याभरात त्याचं काही वाटेनासं झालं आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. गोण्या नारिंगी पंखांनी भरायच्या, खड्ड्यात ओतल्या जायच्या, वर माती पडायची. बायका आधी गप्पा मारायच्या. नंतर जिभा बधिर झाल्या आणि गप्पाही थांबल्या. कडव्यांचं प्रमाण वाढायला लागलं तसा अंगावर परिणाम दिसू लागला. कटुसारानं निरोगी हृदयाची गती मंदावते. रोज सकाळी राणूबाई सगळ्यांच्या नाड्या बघायच्या, पन्नासच्या खाली कुणाची गेली की तिला चार दिवस घरी बसवायच्या. जेवणाची चव सगळ्यांचीच गेली होती. भाजीत मीठ आहे की नाही ते घरातल्या पोरांना विचारावं लागायचं.

पाचव्या महिन्यात चाळिसात एक. नवव्यात अठरात एक.

नवव्या महिन्यातच एका दुपारी इम्तियाजची बायको नसीम शर्वरीच्या खोलीवर आली. केंद्राच्याच वसाहतीत दोघांची घरं समोरासमोर होती, पण नसीम सहसा अशी येत नसे. ती बसली नाही.

"तो आता उशाला तीन उशा घेऊन झोपतो," ती म्हणाली. "आडवं झालं की श्वास लागतो. डॉक्टर म्हणाले, पूर्ण डोस मिळाला तर अजून सावरेल."

"नसीम, साठा माझ्या हातात नाही."

"साठ्याचं नाही म्हणत मी. तुम्ही रोज किती कडू पाखरं सोडता?"

शर्वरीनं तिच्याकडे खुर्ची सरकवली.

"तीस पुरतील. दिवसाला तीस. त्यानंच मला कधीतरी सांगितलं होतं, एका माणसाला तीस लागतात म्हणून. लाखांतली तीस, शर्वरीताई. कुणाला कळणार आहे?" तिचा आवाज चढला नाही. "मी कुणाकडे काही मागितलं नाही आजवर."

दुसऱ्या दिवशी चाखताना शर्वरीनं पहिलं कडू पाखरू कात्री न लावता कमरेच्या डबीत टाकलं. मग दुसरं. शेजारच्या फांदीवर राणूबाई होत्या, त्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवली. नऊ वाजेपर्यंत डबीत एकतीस झाली.

ती डबी घेऊन इम्तियाजच्या घरी गेली. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर. तिनं डबी त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "अर्क मी काढते. संध्याकाळपर्यंत होईल."

त्यानं डबीला कान लावला. आत उन्हानं उबदार झालेली पाखरं फडफडत होती.

"नसीम आली होती का तुझ्याकडे?"

"ते सोड."

"चारशे घरांत चारशे नसीम आहेत," तो म्हणाला. "त्यांना कळलं की डबी भरता येते, तर त्या येणार नाहीत का? आणि आल्या तर तू कुणाला नाही म्हणशील? माझी भरलीस तर कुणालाच नाही म्हणता येणार नाही तुला. मग रोजची बारा हजार. आत्ता पठारावर कडू आहेत तरी किती?"

"इम्तियाज, मी दमले. मला आज हिशोब सांगू नकोस."

"बरं, नाही सांगत."

त्यानं खिडकी उघडायचा प्रयत्न केला. हात वर जाईना. नसीम आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती पुढे आली, क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनंच खिडकी उघडली. इम्तियाजनं झाकण काढलं. पाखरं एकदम उडाली नाहीत, काही त्याच्या बाहीवर चढली, एक बराच वेळ चष्म्याच्या काडीवर बसून राहिलं. नसीम चहा ठेवते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दहाव्या महिन्यात साठा संपला. चारशेंतली माणसं जायला लागली. मंडळाकडून दर सोमवारी यादी यायची. पहिल्या चार याद्या शर्वरीनं पूर्ण वाचल्या. नंतर ती शेवटची बेरीज तेवढी बघायची आणि त्या दिवशी जेवायची नाही. पहाटे मात्र चुकवत नव्हती. बाराव्या महिन्यात नवात एक. चौदाव्यात पाचात एक.

चौदाव्या महिन्यातच, ज्येष्ठातल्या एका उघडिपीच्या दिवशी, राणूबाई भर दुपारी धावत प्रयोगशाळेत आल्या. धावायचं त्यांचं वय नव्हतं.

"बाई, चला. कोतवालानं पाखरू खाल्लं."

"दुसरं काहीतरी असेल. नाकतोडा वगैरे."

"नारिंगी हुतं. मी काय आंधळी हाय?"

दोघी पठाराच्या कडेला, जुन्या खाणीच्या तारेपाशी जाऊन बसल्या. तारेवर एक कोवळा कोतवाल होता. शेपूट अजून पुरती फुटलेली नव्हती. अर्धा तास काही झालं नाही. मग त्यानं झेप घेतली, हवेत गिरकी मारली आणि परत येऊन बसला तेव्हा चोचीत रुईकर होतं. त्यानं ते दोनदा तारेवर आपटलं आणि गिळलं. पंख तेवढे गिरक्या घेत खाली आले. थोड्या वेळानं त्यानं दुसरं धरलं. या खेपेला तो थबकला, डोकं झटकलं आणि ते टाकून दिलं. मग तारेवर एका बाजूनं, नंतर दुसऱ्या बाजूनं चोच घासत राहिला. टाकलेलं पाखरू जमिनीवर जरा पडून राहिलं आणि तिरकं तिरकं उडत रुईत शिरलं.

शर्वरी सहा दिवस दुर्बीण घेऊन फिरली. तिला असे सात कोतवाल सापडले. तीन एकाच घरट्यातले होते. त्यांचं एकेक पीस घेऊन तिनं जनुकं तपासली आणि निकालाचा कागद घेऊन ती इम्तियाजकडे गेली.

आता तो खुर्चीतही फार वेळ बसत नसे. पायांची सूज मांड्यांपर्यंत चढली होती. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला, एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग त्याचे खांदे हलायला लागले. नसीम घाबरून पुढे आली. पण तो हसत होता, दम लागत असतानाही हसत होता.

"मोडलं," तो म्हणाला. "माझं जनुक मोडलं शर्वरी."

"प्रेरकाच्या जागी जनुकाची सात अक्षरं गळलीत, तिथे आता त्याची नक्कल चिकटत नाही. भीतीचा भाग अर्धाच उरलाय."

"गळणारच. प्रेरक दर पिढीत नक्कल करतो, नक्कल करताना कधीतरी चुकतो. चुकलेलं पिल्लू भीतीशिवाय जन्मतं. आधी त्याला काय फायदा होता? काही नाही, कडूच तोंडात आलं असतं. पण आपण..." तो थांबला, श्वास घेतला. "आपण पठारभर गोडी पाखरं करून ठेवली. अन्न समोर उडतंय आणि बाकीचे सगळे मान फिरवून बसलेत. त्यात एकच निघतो ज्याला भीती वाटत नाही. त्याची पिल्लं उपाशी राहतील का? ती जास्तच जगणार. चाखलं नाही म्हणून विष गेलं, विष गेलं म्हणून भीतीही जाणार. मला हे आधी सुचायला हवं होतं."

"मलाही."

"सातपैकी तीन एका घरट्यातले म्हणालीस ना? पुढच्या वर्षी पन्नास होतील. त्याच्या पुढच्या वर्षी मोजू नकोस."

"म्हणजे आम्ही चाखलं नसतं तरी..." शर्वरीला वाक्य पुरं करवेना. तिच्या डोळ्यांपुढे सोमवारच्या याद्या आल्या.

इम्तियाजनं मान हलवली. "नाही. नुसत्या पक्ष्यांवर सोडलं असतं तर दहा-बारा वर्षं गेली असती. तोवर कडू एकही उरलं नसतं, मग त्यांनी थुंकायचं तरी काय? तुम्ही पाचात एक आणून ठेवलंत म्हणून त्यांना शिकायला काही आहे. आता दोघं मिळून करतील, बायका नि कोतवाल. पुढच्या पावसाळ्यात बायकांची सुट्टी करून टाक. राणूबाईंना सांग, त्यांच्या जागी कायमची माणसं मिळाली."

तो पुन्हा हसला आणि मग खोकत राहिला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "मला बाहेर न्याल? बघायचंय."

चाकाची खुर्ची केंद्रातून आणली. राणूबाई आणि त्यांची सून आल्या, चौघींनी मिळून त्याला पठाराच्या कडेपर्यंत नेलं. जमीन खडबडीत होती, वीस-वीस पावलांवर थांबावं लागत होतं. तारेपाशी सावली नव्हती म्हणून नसीमनं ओढणी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर धरली.

खुर्ची स्थिर झाल्यावर नसीमनं शर्वरीला विचारलं, आवाज खाली ठेवून, पण त्याला ऐकू जाणार नाही इतका खाली नाही, "औषध कधी निघेल?"

"चार महिन्यांनी. घाई केली तर साडेतीन."

नसीमनं ओढणी जरा वर धरली. डॉक्टरांनी तिला दोन महिने सांगितले होते, हे शर्वरीला ठाऊक होतं आणि शर्वरीला ते ठाऊक आहे, हे नसीमला. राणूबाईंनी सुनेला पाणी आणायला पाठवलं आणि स्वतः एका दगडावर बसून पायातला काटा काढू लागल्या.

तारेवर दोन कोतवाल येऊन बसले. इम्तियाज पुढे वाकला. त्याला गळ्यातली दुर्बीण पेलवत नव्हती, म्हणून शर्वरीनं ती त्याच्या डोळ्यांसमोर धरली. खाली रुईत नारिंगी पंख उघडत-मिटत होते. एक पाखरू वर उठलं, वाऱ्यावर थोडं भरकटलं आणि तारेच्या दिशेनं आलं. धाकट्या कोतवालानं मान वळवून ते न्याहाळलं आणि झेप घेतली.

"धरलं," इम्तियाज पुटपुटला. "धरलं त्यानं. थांब, थांब... बघ. बघ नसीम, थुंकला."